राखून ठेवलेला जयघोष
नाद आणि उपासना : लेखांक नववा

गेल्या आठवड्यात पंढरीच्या काकड आरतीचा विचार करताना आपण असे पाहिले की, उपासनेतले गाणे मैफलीतल्या गाण्यासारखे केवळ स्वतःच्या बळावर उभे नसते. पहाटेचा प्रहर, उपाशी पोट, पायांखालची थंडगार फरशी आणि आजूबाजूचा जमाव या सर्वांचा त्याच्या परिणामात वाटा असतो, आणि त्यांतले एक जरी काढून घेतले तरी तेच पद, त्याच गळ्यातून निघाले असताही, काळजाला तितकेसे भिडत नाही. हाच विचार आज आपल्याला ख्रिस्ती उपासनेच्या प्रांतात नेऊन पाहायचा आहे, आणि त्यासाठी ईस्टरच्या, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाच्या सणाला होणाऱ्या वृंदगायनाइतके चांगले उदाहरण दुसरे मिळणे कठीण.

या गायनाच्या सामर्थ्याची साक्ष देणारे पुष्कळ आहेत. ज्याला लॅटिनचे एक अक्षर कळत नाही, ज्याचा ख्रिस्ती मतावर विश्वास नाही, फार काय, ज्याने आयुष्यात कधी चर्चचा उंबरठा ओलांडलेला नाही, अशा माणसाच्या अंगावरही त्या रात्री काटा उभा राहतो आणि घशात आवंढा येतो. याची कारणमीमांसा करताना लोक सामान्यतः दोन उत्तरे देतात : एक स्वरमाधुर्याचे, दुसरे श्रद्धेचे. पहिले उत्तर पुरेसे मानले तर तीच रचना भर दुपारी ध्वनिमुद्रिकेवर लावली असतानाही तोच परिणाम घडायला हवा, आणि तो घडत नाही; दुसरे पुरेसे मानले तर अश्रद्धाने कोरडे राहायला हवे, आणि तो राहत नाही. माझ्या समजुतीप्रमाणे या सामर्थ्याचे मूळ, गाणे सुरू होण्यापूर्वी जे गायले गेलेले नसते, त्यात आहे.

कॅथलिक उपासनेची वहिवाट अशी की, राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला म्हणजे ‘आल्लेलुया’ हा जयघोष उपासनेतून वर्ज्य होतो. एरवी प्रत्येक मिस्सामध्ये, म्हणजे मुख्य उपासनाविधीत, शुभवर्तमानाच्या वाचनापूर्वी जो शब्द सहजी गायला जातो, तो त्या दिवसापासून कोणाच्या तोंडून निघत नाही. ‘ग्लोरिया’ हे स्तुतिगीत थांबते. ऑर्गन वाजलाच तर केवळ गाणाऱ्यांना आधार देण्यापुरता. पुढे पवित्र सप्ताहातल्या गुरुवारी संध्याकाळी ग्लोरिया एकदा घंटांच्या गजरात गायले जाते, आणि त्या क्षणापासून घंटाही मुक्या होतात. त्यांचे काम लाकडी खुळखुळ्याकडे येते, ज्याचा कोरडा खडखडाट गोव्यातल्या जुन्या पिढीच्या कानांत अजून असेल. शुक्रवारी वेदीवरचे वस्त्रही काढून घेतलेले असते, आणि शनिवारचा दिवस तर सर्वस्वी रिता. अन्नाचा उपवास सर्व धर्मांना ठाऊक आहे. पण कानांनाही उपवास घडवण्याची ही तजवीज ज्यांनी शतकानुशतके जपली, त्यांना मानवी मनाची जाण खोल होती असेच म्हणावे लागते.

हा उपवास सुटतो तो शनिवारच्या रात्री. नागपूरच्या सदर भागातल्या सेंट फ्रान्सिस डी सेल्स यांच्या नावाच्या कॅथीड्रलमध्ये हा जागराचा विधी मी पाहिला आहे, आणि त्यातला क्रम इतका विचारपूर्वक रचलेला आहे की त्याचे थोडे तपशीलवार वर्णन करणे अवश्य वाटते. प्रथम बाहेर अंगणात, दिवे मालवलेल्या अंधारात, नवा अग्नी पेटवतात आणि त्यावरून एक मोठी मेणबत्ती लावतात. ती घेऊन मिरवणूक काळोख्या चर्चमध्ये शिरते. वाटेत तीन ठिकाणी थांबून ख्रिस्ताच्या प्रकाशाची घोषणा गायली जाते, आणि प्रत्येक वेळी ती आधीपेक्षा वरच्या स्वरात. लोकांच्या हातांतल्या लहान मेणबत्त्या एकमेकींवरून पेटत जातात. माझ्या शेजारच्या आजीबाईंनी आपल्या नातवाच्या मेणबत्तीला पुठ्ठ्याची चकती खोचून दिली होती, तरी मेण ओघळून त्याच्या बोटांवर आलेच, आणि तो पोर हूं की चूं न करता ते सोलत उभा राहिला. मग एकाच गळ्यातून, कसल्याही वाद्याच्या साथीविना, त्या रात्रीची दीर्घ स्तुती गायली जाते. त्यानंतर जुन्या करारातली वाचने : सृष्टीची उत्पत्ती, अब्राहामाची कसोटी, तांबड्या समुद्रातून झालेली सुटका, ही वाचने सातपर्यंत असू शकतात, आणि खरे सांगायचे तर तेव्हा पाय दुखू लागतात व डोळेही पेंगुळतात.

ही दमणूकसुद्धा त्या योजनेचाच भाग आहे, हे मला नंतर उमगले. कारण शेवटचे वाचन आणि त्याचे स्तोत्र संपताच ग्लोरियाचा पहिला स्वर उठतो, सगळे दिवे एकदम लागतात, दोन दिवस मुक्या असलेल्या घंटा एकाच वेळी वाजू लागतात आणि गायनवृंद पूर्ण आवाजात, चारही स्वरांत, त्या गजरावर आरूढ होतो. एवढ्यानेही शिखर गाठलेले नसते. पौलाच्या पत्रातले वाचन झाल्यावर मुख्य धर्मगुरू एकटेच तो राखून ठेवलेला जयघोष गातात आणि लोक त्याचा पुनरुच्चार करतात. मग एक पायरी वर चढून पुन्हा, आणि आणखी एक पायरी चढून तिसऱ्यांदा. सहा-सात आठवड्यांत जो शब्द ऐकलेला नाही तो असा चढत्या स्वरात तीनदा कानी पडतो, तेव्हा सबंध समुदायाच्या आवाजाला जो कंप सुटतो तो शिकवून येणारा नव्हे. येथे हेही नमूद केले पाहिजे की, मध्यंतरीची कित्येक शतके हा विधी शनिवारी सकाळी, लख्ख उजेडात उरकला जात असे. पोप बारावे पायस यांनी 1951 साली तो पुन्हा रात्री करण्याची मुभा दिली, तेव्हा कुठे अंधाराचे आणि संगीताचे हे जुने नाते पूर्ववत जुळले.

हीच गोष्ट प्रॉटेस्टंट परंपरेतही वेगळ्या रूपाने आढळते. योहान सेबास्टियन बाख ज्या लाइपझिग नगरात गायनाचा मुख्य होता, तेथील चर्चमधून उपवासकाळात वाद्यवृंदासह होणारे मोठे संगीत जवळजवळ बंद असे. तेव्हा 7 एप्रिल 1724 रोजी, उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला), त्याने योहानाच्या शुभवर्तमानावर रचलेले दुःखसहनाचे संगीत तेथे प्रथम सादर झाले आणि त्याच्या आरंभी सबंध वृंदाने प्रभूला हाक घातली, ती कित्येक आठवडे असल्या संगीताला पारख्या झालेल्या कानांवर पडली. आज एखाद्या सभागृहात सोमवारी सिम्फनी आणि मंगळवारी बाख ऐकणाऱ्या रसिकाला तीच रचना अधिक सफाईने ऐकायला मिळेल, परंतु ती भूक त्याने कोठून आणावी?

अर्थात भुकेबरोबर अन्नाचाही विचार केला पाहिजे. आपले रागसंगीत एकाच स्वरधारेचे. एक गवई, त्याच्या मागे तानपुरा, आणि स्वरांचा विस्तार काळाच्या ओघात एकामागून एक. युरोपीय वृंदगायनात चार निरनिराळ्या पट्ट्यांचे आवाज, दोन स्त्रियांचे वा मुलांचे आणि दोन पुरुषांचे, एकाच क्षणी भिन्न स्वर धरतात आणि त्यांच्या मेळातून असे काही निर्माण होते की जे कोणा एकाच्याही गळ्यात नसते. त्यात सर्वांत खालचा, घनगंभीर आवाज जेव्हा बराच वेळ गप्प राहून अचानक येऊन मिळतो, तेव्हा पायांखालची जमीन भरून आल्यासारखी वाटते; आणि अंगावर काटा बहुधा अशाच जागी येतो, म्हणजे अनपेक्षित प्रवेशाच्या, एकदम वाढलेल्या नादाच्या किंवा विसंवादी स्वर लांबत लांबत अखेर सुटण्याच्या जागी. दगडी भिंती आणि उंच कमानी त्या नादाला लगेच विरू देत नाहीत. मागचा स्वर अजून घुमतो आहे तोच पुढचा त्यात मिसळतो. लांबलचक स्वर धरायचा असेल तर वृंदातली माणसे आळीपाळीने, शेजाऱ्याला चाहूल लागू न देता श्वास घेतात, त्यामुळे स्वर कोठेही तुटत नाही, जणू पन्नास जणांना मिळून एकच अथांग छाती लाभलेली असते. स्वीडनमधील गोथेनबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर असे आढळले की, एकत्र गाणाऱ्यांच्या हृदयाची गती श्वासाच्या लयीमुळे एकाच वेळी वाढते आणि एकाच वेळी मंदावते.

तथापि गाण्यातून उचंबळणाऱ्या या भावनेकडे संशयाने पाहणारा पहिला मोठा साक्षीदार ख्रिस्ती परंपरेतलाच आहे. संत ऑगस्टीनला मिलान येथे 387 साली, ईस्टरच्या जागराच्या रात्री, बिशप अँब्रोझ यांच्या हस्ते बाप्तिस्मा मिळाला. त्याच्या आदल्याच वर्षी तेथील ख्रिस्ती जनतेने, राजमाता जस्टिना हिच्या हुकमाने चर्च हिरावले जाऊ नये म्हणून, रात्रीच्या रात्री आत पहारा दिला होता, आणि शोकाने व थकव्याने लोकांचे धैर्य खचू नये म्हणून तेव्हापासून सर्वांनी मिळून स्तोत्रे गाण्याचा परिपाठ पडला. ती स्तोत्रे ऐकताना आपण किती रडलो, हे ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात मोकळेपणाने लिहून ठेवले आहे. परंतु त्याच ग्रंथात पुढे तो स्वतःलाच जाब विचारतो की, गायलेल्या आशयापेक्षा गाण्यानेच मी अधिक हेलावलो तर तो माझा अपराध नव्हे काय? आपल्याकडे कीर्तनात गाणेच रंगून भाव मागे राहिला की जाणते श्रोते जी नापसंती दाखवतात, तिच्यामागेही हीच शंका असते. विशेष असे की, शब्दात न मावणारा आनंद नुसत्या स्वरातून वाहू देण्याचा ‘आल्लेलुया’च्या अखेरच्या अक्षरावरचा तो दीर्घ विस्तार, जो आपल्या आकाराच्या आलापीशी नाते सांगतो, तशा निःशब्द आनंदगानाचा गौरवही ऑगस्टीननेच केला आहे. म्हणजे गाण्याची ओढ आणि गाण्याचे भय ही दोन्ही त्या एकाच थोर मनात नांदत होती.

त्या शंकेला तर्काने उत्तर देणे अवघड आहे; इतिहासात मात्र तिला एक चांगले उत्तर सापडते. संगीतकार हॅंडेलने ‘मेसाया’ ही आपली प्रसिद्ध रचना 1741 सालच्या ऑगस्ट-सप्टेंबरात अवघ्या 24 दिवसांत लिहून काढली, आणि तिचा पहिला प्रयोग डब्लिन शहरात 13 एप्रिल 1742 रोजी, ईस्टरपूर्वीच्या मंगळवारी झाला. हल्ली ती नाताळात ऐकण्याचा प्रघात पडला असला तरी तिचा मध्यभाग ख्रिस्ताच्या दुःखसहनाचा व पुनरुत्थानाचा असून तो ज्या ‘हालेलुया’ वृंदगीताने संपतो त्याची खरी जागा ईस्टरच्या सान्निध्यातच आहे. प्रयोगाचे उत्पन्न दोन रुग्णालये आणि कर्जापायी तुरुंगात खितपत पडलेले कैदी यांच्यासाठी ठेवलेले होते. म्हणून अधिक माणसे मावावीत या हेतूने स्त्रियांनी घेरदार झग्यांतले सांगाडे आणि पुरुषांनी तलवारी घरी ठेवून याव्यात, अशी विनंती आगाऊ करण्यात आली, आणि सुमारे 700 श्रोते दाटीवाटीने बसले. त्या एका दुपारच्या गाण्याच्या वसुलीतून 142 कर्जदारांची सुटका झाली. गाणे ऐकून डोळे पुसणे आणि घरी जाणे एवढ्यावरच जी भावना संपते तिच्याविषयी ऑगस्टीनने अवश्य शंका घ्यावी. पण ज्या भावनेने तुरुंगाचे दार उघडले तिला कोणता दोष द्यायचा?

आता आपल्या मुलखाकडे वळू. गोव्यात हे संगीत सोळाव्या शतकापासून रुजले, आणि त्याचा पाया घातला तो गावोगावच्या चर्चशी जोडलेल्या शाळांनी, जेथे मुलांना प्रार्थनेबरोबरच स्वरलिपी, गायन आणि व्हायोलिन शिकवले जाई. उपवासकाळातल्या मिरवणुकींसाठी लॅटिन शब्दांवर शोकगंभीर ‘मोटेट’ रचणारे गोमंतकीय रचनाकार या शाळांतूनच निघाले, आणि ती गीते आजही तेथे व्हायोलिन, क्लॅरिनेट व डबल बास यांच्या साथीने गायली जातात. त्याच सुमारास फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताचे जन्मापासून पुनरुत्थानापर्यंतचे चरित्र मराठी ओव्यांतून सांगणारे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते 1616 साली रायतूर येथे छापले गेले आणि चर्चमधून जमलेल्या लोकांपुढे गायले-वाचले जाऊ लागले. या दुहेरी संस्कारात वाढलेली माणसे पुढे मुंबईत आली. माजोर्ड्याच्या चर्चमधील गायनप्रमुखाचे चिरंजीव अँथनी गोन्साल्विस हे त्यांपैकीच एक. हिंदी चित्रपटसंगीतातले ते नावाजलेले व्हायोलिनवादक व संगीत-संयोजक, आणि संगीतकार प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’मध्ये अमिताभ बच्चन ईस्टरच्या प्रचंड अंड्यातून बाहेर येऊन ज्या नावाने गातो ते या गुरूचेच नाव, हे त्या गाण्यावर ताल धरणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल?

घंटांचे म्हणाल तर त्यांचाही एक धागा मराठी इतिहासात गुंतलेला आहे. चिमाजी अप्पांनी 1739 साली वसई जिंकल्यावर तेथील पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या आणि मंदिरांतून टांगल्या गेल्या. नाशिकला गोदाकाठी नारोशंकराच्या देवळावर जी सुप्रसिद्ध घंटा आहे ती याच वसईच्या विजयाची खूण मानली जाते, आणि तिच्यावर 1721 हे साल आहे. वसईच्या एखाद्या चर्चवर ही घंटा टांगलेली असेल, तर तिथल्या वहिवाटीप्रमाणे दर वर्षी तीही मुकी झाली असेल आणि पुनरुत्थानाच्या ग्लोरियाला पुन्हा बोलली असेल.

मात्र मराठी ख्रिस्ती संगीताचा खरा पेच निराळा होता, आणि तो सुटण्याची सुरुवात आमच्या या भागातून गेलेल्या लोहमार्गाशी निगडित आहे, हे लिहिताना राजेगावच्या रहिवाशाला थोडा अभिमान वाटला तर वाचकांनी क्षमा करावी. राजेगाव बालाघाट जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला. बाघ नदीचा पूल ओलांडला की महाराष्ट्र, आणि पुढे थोड्याच अंतरावर गोंदिया. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची फेररचना झाली तेव्हा ही नदी दोन राज्यांची सरहद्द ठरली. त्यापूर्वी दोन्ही तीरांचा कारभार नागपुराहूनच चाले. गोंदियावरून जाणाऱ्या त्या मार्गाने 1893 साली नारायण वामन टिळक नावाचे तरुण कवी नागपुराहून राजनांदगाव संस्थानात नोकरीसाठी निघाले होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ भेटले, काव्याविषयी बोलणे झाले, आणि उतरण्यापूर्वी त्यांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवून, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. टिळकांचा बाप्तिस्मा मुंबईत 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला.

त्या वेळी मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून जी गीते गायली जात, त्यांतली पुष्कळशी विलायती चालींवर बसवलेली भाषांतरे होती. त्या चालींचा आघात एका अक्षरावर आणि मराठीचे दीर्घत्व दुसऱ्यावर, अशी ओढाताण होऊन शब्द लंगडत, आणि गाणाऱ्याला त्यांत आपले असे काही सापडत नसे. अहमदनगरकडे कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडलेली होतीच. टिळकांनी अभंग, ओवी आणि भजन यांच्या घाटात ख्रिस्तभक्ती ओतली, आणि ‘उपासना संगीत’ या मराठी ख्रिस्ती गीतसंग्रहात त्यांच्या पदांना मानाचे स्थान मिळाले. तेव्हा आज एखाद्या मराठी मंडळीत उत्तम शुक्रवारी वधस्तंभावरील सात उद्गारांची दीर्घ उपासना होते आणि पुनरुत्थानाच्या रविवारी सूर्योदयापूर्वीच लोक जमून पेटी, तबला आणि झांजा यांवर भजन धरतात, तेव्हा तेथे चार स्वरांचा मेळ नसतो, दगडी कमानी नसतात, लॅटिन तर नाहीच. एक जण ओळ सांगतो, सगळे ती उचलतात, लय हळूहळू चढते, आणि टाळी वाजवता वाजवता शुक्रवारी ज्यांचे डोळे कोरडे राहिले होते त्यांचेही भरून येतात.

हा मुद्दा मला निर्णायक वाटतो. स्वरमेळ हेच जर या सामर्थ्याचे बीज असते तर भजनाच्या एकेरी स्वरात ते उगवले नसते. लाइपझिगचा चौपदरी स्वरपट, नागपूरच्या कॅथीड्रलमधला तीनदा चढणारा घोष आणि टिळकांच्या वाटेने आलेले पहाटेचे भजन यांत समान आहे ते इतकेच की, आनंदापूर्वी अभाव यथासांग भोगलेला असतो, आणि तो अभाव संपल्याची घोषणा एकट्याने न होता सर्वांच्या तोंडून होते. म्हणून ज्या वाचकांना हा अनुभव घ्यावासा वाटेल, त्यांना माझी सूचना अशी की, केवळ जयघोष ऐकण्यासाठी उशिरा जाऊन मागच्या बाकावर बसू नये. अंगणातल्या अग्नीपासून हजर राहावे, लांबलेली वाचने सोसावीत, पाय दुखू द्यावेत. जमल्यास त्या सप्ताहात घरचा रेडिओही बंद ठेवावा. विश्वास ज्याचा त्याचा. पण एवढी किंमत मोजलेल्या कानाला ते गाणे रिकामे पाठवत नाही.

काही शोकगीते अशीही आहेत की, ज्यांच्या अखेरीस कोणताच जयघोष येत नाही आणि तरीही लोक वर्षानुवर्षे त्यांच्याकडे परत येतात. ती आपल्या सिद्धान्तात कशी बसतात, हे पुढील आठवड्याच्या लेखांकात मोहरमच्या मर्सियांच्या आधारे पाहू.